भंडाऱ्याच्या वर्गातला समुद्र

राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या निमित्ताने भंडारा जिल्ह्यातील एका शाळेत चित्रे आणि तक्ते तपासण्यासाठी आम्हांला बोलावणे आले होते. विषय होता 'सागरी जैवविविधता आणि समुद्रातील कचरा'. तीसएक तक्ते भिंतीला लावलेले होते. जवळजवळ प्रत्येक तक्त्यावर एक निळा देवमासा, नाकात प्लॅस्टिकची नळी अडकलेले एक कासव, पाण्यावर तरंगणारे कचऱ्याचे बेट आणि खाली लाल अक्षरांत एक वाक्य : २०५० साली समुद्रात माशांपेक्षा प्लॅस्टिक जास्त असेल. चित्रे सुरेख होती. मुलांनी मेहनत घेतली होती, आणि शिक्षकांनी त्याहून अधिक.

तपासणी झाल्यावर आम्ही मुलांना एक साधा प्रश्न विचारला. तुमच्या शाळेच्या छपरावर पडलेले पावसाचे पाणी शेवटी कोणत्या समुद्रात जाते? बहुतेक हात वर झाले आणि बहुतेकांचे उत्तर एकच होते : मुंबईच्या. एकाने 'हिंदी महासागर' असे चतुर उत्तर दिले. बंगालच्या उपसागराचे नाव कोणीही घेतले नाही. शाळेपासून वैनगंगा हाकेच्या अंतरावर होती.

हा दोष मुलांचा नाही आणि त्या शिक्षकांचाही नाही. समुद्राविषयीचे जे शैक्षणिक साहित्य आज सर्वत्र फिरते, ते जसे वर्गात येते तसेच भिंतीवर उतरते. त्या साहित्याची तपासणी करणे हा या लेखाचा हेतू आहे. हे साहित्य तयार करणाऱ्यांत आमच्यासारखे संशोधकही आहेत, त्यामुळे ही टीका काही अंशी स्वतःवरचीही आहे.

पाणी कोणीकडे जाते?

पहिली उणीव भूगोलाची आहे. भंडाऱ्यापासून मुंबई सरळ रेषेत सुमारे साडेसातशे किलोमीटर, तर काकीनाडा किंवा विशाखापट्टणमचा किनारा साडेपाचशेच्या आत. पण अंतरापेक्षा उतार महत्त्वाचा. वैनगंगा मध्य प्रदेशातील सिवनी जिल्ह्यात उगम पावते, भंडारा जिल्ह्यातून वाहते, पुढे चंद्रपूर आणि गडचिरोली यांच्या सीमेवरून जात वर्धेला मिळते आणि प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याजवळ गोदावरीत शिरते. गोदावरी राजमहेंद्रीच्या खाली फाटे फोडून बंगालच्या उपसागराला मिळते. तेथे कोरिंगाचे खारफुटीचे जंगल आहे, आणि त्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. भंडाऱ्याच्या मुलाचा समुद्र हा आहे. त्याच्या तक्त्यावर मात्र तो नसतो.

त्या कासवाचेच पाहा. नाकात नळी अडकलेले कासव २०१५ साली मध्य अमेरिकेतील कोस्टारिकाच्या समुद्रात चित्रित झाले. ते खरे होते, आणि ते ऑलिव्ह रिडलेच होते. पण तीच जात आपल्याकडे दोन्ही किनाऱ्यांवर येते, हे मुलांना सांगितले जात नाही. २०२१ साली ओडिशाच्या किनाऱ्यावर खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत कोकणात गुहागरला अंडी घालताना आढळली. अख्ख्या भारतीय द्वीपकल्पाला वळसा घालणारे कासव हाताशी असताना आपण कोस्टारिकाला का जावे?

गोल आकड्यांचा मोह

दुसरी उणीव आकड्यांची. 'माशांपेक्षा प्लॅस्टिक जास्त' हे वाक्य २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अहवालातून आले. त्यात तुलना संख्येची नसून वजनाची होती. तक्त्यांवर 'वजनाने' हा शब्द गळून पडतो. जगातील सर्व माशांचे एकूण वजन हा मुळातच अतिशय सैल अंदाज आहे. प्लॅस्टिकचा आकडा अलीकडच्या वर्षांच्या अंदाजाची रेघ तशीच पुढे ओढून मिळवलेला आहे. दोन सैल आकड्यांची तुलना करून निघालेले वाक्य घोषणा म्हणून ठीक असेल, पण विज्ञानाच्या तासाला ते निसर्गनियमासारखे पाठ करून घेणे बरे नव्हे.

'दरवर्षी ८० लाख टन प्लॅस्टिक समुद्रात जाते' हा दुसरा लोकप्रिय आकडा. तो २०१५ साली 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासातला. संशोधकांनी दिलेली मर्यादा होती ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन, आणि तीही २०१० या एका वर्षासाठी. मधला आकडा उचलला गेला आणि दोन्ही टोके विसरली गेली. शिक्षकांनी याहून महत्त्वाची एक गोष्ट लक्षात घ्यावी. हा हिशेब १९२ किनारी देशांतील, किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत राहणाऱ्या लोकांच्या कचऱ्याचा होता. म्हणजे भंडारा जिल्ह्यातील एकही माणूस त्यात धरलेला नव्हता! जो आकडा भंडाऱ्याच्या मुलाच्या माथी आपण अपराध म्हणून मारतो, त्या आकड्यात तो मुलगा नाही.

नद्यांचे काय? २०१७ साली एका अभ्यासाने म्हटले की नद्यांवाटे समुद्रात जाणाऱ्या प्लॅस्टिकपैकी सुमारे नव्वद टक्के केवळ दहा मोठ्या नद्यांतून जाते. लगेच घोषणा झाली : समुद्रातले नव्वद टक्के प्लॅस्टिक दहा नद्यांचे. 'नद्यांवाटे जाणाऱ्या' हे शब्द पुन्हा गळाले. आणि २०२१ साली अधिक बारकाईने केलेल्या अभ्यासाने चित्रच पालटले. ऐंशी टक्के वाटा उचलायला हजाराहून अधिक नद्या लागतात, आणि त्यांत किनाऱ्यावरील शहरांतून वाहणाऱ्या छोट्या नद्यांचा भाग मोठा आहे, असे दिसले. किनाऱ्यापासून दूर पडलेला कचरा समुद्रापर्यंत पोचण्याची शक्यता अंतराबरोबर झपाट्याने घटते.

विज्ञान असेच चालते. चार वर्षांत उत्तर बदलते आणि त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही. हा बदलच वर्गात शिकवण्यासारखा आहे. पण तक्त्यावर फक्त जुना आकडा राहतो.

कचऱ्याच्या 'बेटा'ची गोष्टही तशीच. पॅसिफिकमधील त्या पट्ट्याचे क्षेत्रफळ २०१८ च्या एका अभ्यासानुसार सुमारे १६ लाख चौरस किलोमीटर आणि त्यातील प्लॅस्टिक सुमारे ७९ हजार टन. मुलांना भागाकार करू द्यावा. एका चौरस मीटरमागे सरासरी एक ग्रॅमचा विसावा भाग येतो, म्हणजे चॉकलेटच्या एका वेष्टनाहूनही कमी. त्यावर उभे राहता येत नाही, ते दुरून दिसतही नाही. आपल्या तलावाच्या पाळीवर एका चौरस मीटरमध्ये एक रिकामी पुडी सापडली, तरी ती घनता त्या कुप्रसिद्ध पट्ट्याच्या सरासरीपेक्षा अनेक पटींनी जास्त भरते. अर्थात पाळ म्हणजे सगळा तलाव नव्हे, हेही त्याच तासाला सांगायला हवे.

'मग टाकला तरी चालेल का?'

येथे शिक्षक एक रास्त शंका काढतील. वैनगंगेत टाकलेली पन्नी कासवापर्यंत बहुधा पोचत नाही असे सांगितले, तर मुले म्हणतील की मग टाकली तरी काय बिघडते? भीती घातली तरच शिस्त लागते, असा हा युक्तिवाद आहे.

आम्हांला तो मान्य नाही. न पोचलेली पन्नी जाते कोठे, हा प्रश्न आपण विचारतच नाही म्हणून ही अडचण उभी राहते. वैनगंगेवर पवनीजवळ गोसीखुर्द धरण आहे. त्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली. पुढे गडचिरोलीत चिचडोह बंधारा. गोदावरीवर मेडीगड्डा, त्याखाली पोलावरमचे बांधकाम, आणि अखेरीस राजमहेंद्रीजवळ ऑर्थर कॉटनने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बांधलेले दवलेश्वरमचे बंधारे. इतक्या भिंती ओलांडून पुराच्या पाण्याबरोबर काही भाग जातोही. पण बराचसा कचरा वाटेतच अडकतो. तो धानाच्या बांधीत रुततो, पाटाच्या तोंडाशी साचतो, जलाशयाच्या तळाशी बसतो, जनावरांच्या पोटात जातो. म्हणजे आपण टाकलेले दूरच्या कासवाकडे जाण्याऐवजी आपल्याकडेच राहते. हे सत्य भीतीपेक्षा कमी प्रभावी आहे असे कोण म्हणेल?

याच भिंतींचा दुसरा परिणाम कोणत्याही तक्त्यावर नसतो. त्या पन्नीबरोबर गाळही अडवतात. नदीने आणलेल्या गाळावर त्रिभुज प्रदेश उभा राहतो. धरणांमुळे गोदावरीचा गाळ फार घटला आणि तिच्या मुखाशी किनारा जागोजाग झिजू लागला. समुद्रातून नदीत चढणारा हिलसा मासा, ज्याला गोदावरीकाठी पुलसा म्हणतात, तो दवलेश्वरमशी अडतो. समुद्राची हानी केवळ आपण काय पाठवतो यानेच होत नाही, आपण काय अडवतो यानेही होते. खरे तर दहावीच्या मुलाला विचार करायला लावणारा प्रश्न हा आहे. नळी वापरू नये एवढा उपदेश तर त्याला तिसरीतच कळलेला असतो.

आपणही कोणाचा तरी समुद्र आहोत

भंडाऱ्याच्या शिक्षकाजवळ एक असे उदाहरण आहे जे मुंबईच्या शिक्षकाजवळ नाही. नागपूर शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान आंभोऱ्याच्या परिसरात वैनगंगेला. गोसीखुर्दच्या फुगवट्यामुळे तेथील पाणी आता पूर्वीसारखे वाहते राहिलेले नाही. ज्या पाण्यात भंडारा-पवनीचे लोक पिढ्यान्‌पिढ्या उतरत आले, त्याचा रंग, वास आणि त्यावर पसरणारी जलकुंभी यांबद्दल मुलांना सांगावे लागत नाही. त्यांनी ते पाहिलेले असते.

म्हणजे नागपूरसाठी वैनगंगा हाच समुद्र आहे : जेथे सगळे वाहून जाते आणि नजरेआड होते असे ठिकाण. भंडाऱ्याचा विद्यार्थी त्या कासवाच्या जागी उभा आहे. कासवाविषयी दया वाटावी म्हणून त्याला परदेशी चित्रफीत दाखवण्याची गरज नाही. खालच्या अंगाला राहण्याचा अनुभव त्याला आहे. तो अनुभव एकदा शब्दांत आला की पुढचा प्रश्न तो स्वतःच विचारतो : मग आपल्या खाली कोण राहते? लाखांदूर, ब्रह्मपुरी, वडसा, सिरोंचा अशी नावे नकाशावर बोट फिरवत त्यानेच शोधावीत. समुद्र हे या यादीतले शेवटचे गाव.

तलावातली सागरी जैवविविधता

तिसरी उणीव जीवशास्त्राची. सागरी जैवविविधता म्हणजे रंगीत प्राण्यांचे प्रदर्शन, असा समज या साहित्याने करून दिला आहे. प्रवाळ, समुद्रघोडा, तारामासा, देवमासा. नावे लिहा, चित्रे चिकटवा. समुद्राचे खरे वैशिष्ट्य जातींच्या संख्येत तेवढे नाही, जेवढे शरीररचनेच्या विविधतेत आहे. प्राण्यांचे जे मोठे संघ आपण नववी-दहावीत शिकतो, त्यांपैकी जवळजवळ सगळ्यांचे प्रतिनिधी समुद्रात आहेत. तारामाशाच्या कंटकचर्मी संघासारखे काही तर केवळ समुद्रातच.

आता भंडाऱ्याकडे वळू. हा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाने बांधलेले, पुढे मालगुजारांकडे गेलेले आणि आता 'मामा तलाव' म्हणून ओळखले जाणारे तलाव आणि गावोगावच्या बोड्या येथे आहेत. त्यांतल्या शिंपल्या मृदुकाय संघातल्या, झिंगे संधिपाद संघातले. बुडालेल्या काटकीवर हिरवट खरबरीत थर दिसला तर तो गोड्या पाण्यातला स्पंज असू शकतो. मुंबईच्या तलावांतील अशा स्पंजांचा अभ्यास हेन्री जॉन कार्टर यांनी १८४० च्या दशकातच केला होता. पाणवनस्पतीच्या पानामागे भिंगातून हायड्रा दिसतो, आणि तो प्रवाळाचा नातेवाईक आहे. तलावात तारामासा मात्र कधीच मिळणार नाही. का? कंटकचर्मी प्राण्यांना शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापासून वेगळे राखता येत नाही. 'काय सापडले' यापेक्षा 'काय सापडणे शक्यच नाही आणि का' हा प्रश्न अधिक शिकवून जातो.

आणि तलाव म्हणजे समुद्राचा गरीब भाऊही नव्हे. पृथ्वीवरील एकूण पाण्यापैकी नद्या आणि तलावांत सुमारे एक शतांश टक्का पाणी आहे. पण माशांच्या ज्ञात जातींपैकी जवळजवळ निम्म्या गोड्या पाण्यातल्या आहेत. मरळ, वाम, मागूर ओळखणाऱ्या मुलाला क्लाउनफिशचे चित्र रंगवायला लावून आपण त्याचे ज्ञान वाढवतो की त्याच्या ज्ञानाला किंमत नाही असे सुचवतो?

हे आम्ही उगाच म्हणत नाही. त्या प्रदर्शनाच्या दिवशी आम्ही मुलांना सांगितले की पॅसिफिकच्या त्या पट्ट्यातील प्लॅस्टिकपैकी, वजनाने पाहता, ४६ टक्के ही मासेमारीची जाळी आहेत. सोडून दिलेली जाळी वर्षानुवर्षे कासवे आणि मासे मारत राहतात. मागच्या रांगेतला एक मुलगा हळूच म्हणाला, "हे त आमच्या तलावातबी होते, सर." तो ढिवराच्या घरचा होता. तुटलेले नायलॉनचे जाळे पाण्यात राहिले की त्यात पाणसाप, कासव, कधी पाणकावळाही अडकून मरतो, हे त्याने पाच वाक्यांत सांगितले. जुने सुती जाळे कुजून जायचे, हे त्याला आजोबांकडून कळले होते. सागरी कचऱ्याविषयी त्या दिवशी त्या सभागृहात बोलले गेलेले ते सर्वांत नेमके विधान होते. त्याचा तक्ता मात्र भिंतीवर नव्हता; त्याला चित्र काढता येत नव्हते.

या जिल्ह्यात 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेने ढिवर समाजाबरोबर तलावांमध्ये काम केले आहे. बेशरम उपटणे, देशी पाणवनस्पती लावणे, देशी मासे परत आणणे, हे त्यांनी मासेमारांच्या माहितीच्या आधारे केले. पुस्तकाबाहेरचे ज्ञान प्रत्यक्ष उपयोगी पडते याचा हा जवळचा पुरावा आहे. शाळेने त्याकडे पाठ फिरवू नये.

काय करता येईल?

नुसती टीका करून थांबणे योग्य नव्हे, म्हणून दोन साधे उपक्रम सुचवतो. दोन्हींना पैसे लागत नाहीत.

पहिला, पाळीवरची मोजणी. तलावाच्या पाळीवर काठाला समांतर शंभर पावलांची दोरी आखावी. दर दहा पावलांवर एक मीटर लांबी-रुंदीचा चौकोन घ्यावा. त्यातील कचरा प्रकारानुसार वेगळा करावा : पुड्या, पन्न्या, बाटल्या, जाळ्यांचे तुकडे, खताच्या पोत्यांचे धागे, थर्माकोल. मोजावा, धुऊन वाळवून वजन करावे, मगच विल्हेवाट लावावी. पोळ्याआधी, गणपतीनंतर आणि उन्हाळ्यात अशी तीनदा मोजणी झाली की शाळेचा स्वतःचा आकडा तयार होतो. दहा चौकोनांत सर्वांत कमी किती आणि सर्वांत जास्त किती हे सरासरीच्या शेजारी अवश्य लिहावे. मग ४८ लाख ते १ कोटी २७ लाख या मर्यादेचा अर्थ वेगळा शिकवावा लागणार नाही. एकवार वापराच्या प्लॅस्टिकवर राज्यात २०१८ साली आणि देशात १ जुलै २०२२ पासून बंदी आली. बंदी असलेल्या वस्तूंपैकी किती सापडल्या हेही नोंदवावे. हा कागद ग्रामसभेत वाचून दाखवण्याजोगा असतो. कासवाचे चित्र नसते.

दुसरा, तरंगण्याची परीक्षा. दोन बादल्या घ्याव्यात : एकीत तलावाचे पाणी, दुसरीत लिटरमागे ३५ ग्रॅम मीठ घातलेले. बाटलीचे झाकण, बाटलीचा कापलेला तुकडा, पन्नी, नायलॉनच्या जाळ्याचा धागा हे एकेक करून पाण्याखाली दाबावे, हवेचे बुडबुडे काढावेत आणि सोडून द्यावेत. झाकण आणि पन्नी वर येतात. बाटलीचा तुकडा आणि नायलॉन बुडतात, खाऱ्या पाण्यातसुद्धा. म्हणजे समुद्राच्या पृष्ठभागावर दिसते तो कचऱ्याचा एक भाग झाला. आपल्या तलावातली नायलॉनची जाळी तळाशी आहेत. मोजणीत ती येणार नाहीत. तेथे ढिवरांच्या मुलांना विचारावे लागेल.

त्या शाळेत पहिले बक्षीस आम्ही एका देवमाशाच्या चित्राला दिले. चित्र खरोखरच उत्तम होते आणि ठरलेल्या निकषांत तेच बसत होते. निकष आम्हीच मान्य केले होते. परतताना वैनगंगेच्या पुलावर गाडी थांबवली. खाली जलकुंभीतून एक डोंगा वाट काढत होता. पुढच्या वर्षी बोलावणे आले तर एकच अट घालायची असे ठरवले आहे : प्रत्येक तक्त्यावर शाळेपासून समुद्रापर्यंतची वाट काढलेली हवी, आणि त्या वाटेवरची निदान पाच गावे नावानिशी लिहिलेली हवीत.